लाली गेली, तरी दाब मोजायचा

डोळा लाल झाला की आपल्या घरांतून निदान ठरलेलं असतं, ‘डोळे आलेत.’ मग गुलाबपाणी, दुधाची घडी, शेजारणीने सांगितलेला मध, आणि फारच झालं तर कपाटात पडलेली कुठलीशी बाटली. मैत्रिणींनो, साधे डोळे येणं हे थोड्या दिवसांचं दुखणं. पण चिपडं नाहीत, पापण्या चिकटत नाहीत आणि तरी डोळा आतून ठणकतो, उजेड सोसत नाही, बुबुळाभोवती लाल कडं दिसतं, नजर अंधुक होते, असं असेल तर डोळ्याच्या आत सूज असू शकते. डॉक्टर तिला युव्हिआयटिस म्हणतात. संधिवात, क्षय, नागिणीचा विषाणू अशी तिची कारणं अनेक, आणि कित्येकदा कसून तपासूनही कारण सापडत नाही.

आज मला लिहायचंय ते या सुजेच्या मागोमाग येणाऱ्या दाबाबद्दल. डोळ्यातला दाब बरं का, रक्तदाब नव्हे. दोन्हींची गल्लत फार होते.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होतं आणि कडेच्या बारीक जाळीतून निचरून रक्तात जातं. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. आपल्या मोरीसारखंच समजा, नळ चालू आणि खाली जाळी. सर्वसाधारणपणे हा दाब १० ते २१ असतो. सूज आली की तिचा गाळ जाळीत अडकतो, मोरीत भाताची शितं अडकावीत तसा, आणि जाळीही सुजते. कधी बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते आणि पाणी मागेच कोंडतं. अशा वेळी डोळा भयंकर दुखतो, उलट्या होतात. मग सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा.

तिसरं कारण जरा चमत्कारिक आहे. ही सूज उतरवायला स्टिरॉइडचे थेंब लागतात, त्यांच्याशिवाय भागत नाही. पण याच थेंबांनी साधारण तिघांतल्या एकाचा दाब थोडाफार वाढतो, काहींचा तर खूपच. तो वाढतो बहुधा दोन ते सहा आठवड्यांनी, म्हणजे लाली जाऊन आपण ‘झालं बरं’ म्हणतो नेमका तेव्हा. शिवाय सूज जोरात असताना डोळ्यातला नळच मंदावलेला असतो, त्यामुळे पहिल्या तपासणीत दाब कमीही निघतो. सूज उतरली की नळ पूर्ववत वाहू लागतो आणि जाळी मात्र अजून तुंबलेली! म्हणून पहिल्या दिवशी दाब ठीक होता यावर विसंबू नका. दुसरी तपासणी चुकवायची नाही, मग घरात पाहुणे असोत की मुलांची परीक्षा.

आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत. पहिल्या वेळी थेंबांनी डोळा छान निवळला. पुढे जरा लाली दिसली की त्या जुनीच चिठ्ठी दाखवून तीच बाटली आणायच्या, आणि औषधाच्या दुकानातूनही ती निमूटपणे मिळायची. असं दोन वर्षं चाललं. दुखत नव्हतं, अक्षर वाचता येत होतं. मग डाव्या खांद्याला दाराची चौकट लागायला लागली, रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली स्कूटर दिसेना. तपासलं तेव्हा डाव्या डोळ्यातला दाब ३८ होता आणि आतली नस बरीचशी वाळलेली. काचबिंदू झाला होता. मोतीबिंदू काढता येतो, पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. जेवढी उरली तेवढी राखायची. मला त्या बाईंपेक्षा त्या दुकानदाराचा राग अधिक येतो.

हे वाचून कुणी घाईने थेंब बंद करू नका! स्टिरॉइड एकदम सोडलं तर सूज उसळून येते आणि तीही डोळा घालवते. ते थेंब डॉक्टरांनी सांगितलेल्या बेताने पायरीपायरीने कमी करायचे. दाब वाढलाच तर डॉक्टर सौम्य स्टिरॉइड देतात, किंवा सूज धरून ठेवायला मेथोट्रेक्सेटसारखं पोटात घ्यायचं औषध सुरू करतात. बरोबर दाबाचे थेंब येतात. टिमोलॉल असेल तर दमा आहे किंवा नाडी मंद आहे हे आपण होऊन सांगा, कारण डोळ्यात घातलेलं औषध छातीपर्यंत पोचतं. डायमॉक्सच्या गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात, लघवीला वरचेवर जावं लागतं. त्याने घाबरू नये, पण सल्फाची ॲलर्जी, मुतखडा किंवा दिवस गेले असतील तर ते आधी कानावर घालावं. बाहुली मोठी ठेवणारे थेंब, सुई ओवता येत नाही म्हणून, पुष्कळजणी गुपचूप टाळतात. बाहुली चिकटू नये म्हणूनच ते दिलेले असतात.

आता आपल्या हातातलं. बाटल्या तीन-तीन होतात आणि झाकणं सारखी, तेव्हा प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. एका वेळी एकच थेंब पुरतो, दुसरा गालावरच ओघळतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलकेच दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधांत पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. एक थेंब घातला की कुकर लावावा, शिट्ट्या होईतो दुसऱ्याची वेळ होते. दुधाळ दिसणारी बाटली आधी चांगली हलवायची. बाटली फोडल्याची तारीख वर लिहा, बहुतेक थेंब महिन्याभराने टाकून द्यावे लागतात. दुधाच्या हिशेबाच्या वहीत एक पान याला द्या. तारीख, उजवा, डावा आणि चालू थेंब. डॉक्टरांना आकडा विचारायला संकोच कसला? “ठीक आहे” एवढं ऐकून उठू नका. नजरेचा परीघ मोजणारी तपासणी सांगितली तर तीही करून घ्या. थेंबांनी भागलं नाही तर शस्त्रक्रिया असते, पाणी वाहून नेणारी बारीक नळीही बसवतात. मदुराईची ऑरोलॅब ही नळी आपल्याच देशात बनवते.

शाळेत शिकवते म्हणून एवढं आणखी. सांधे सुजणाऱ्या लहान मुलांत, विशेषतः मुलींत, ही सूज मुळीच न दुखता, डोळा पांढरा स्वच्छ असताना येते. मूल तक्रार करत नाही, पुस्तक मात्र नाकाशी धरतं. गुडघ्याच्या औषधाला नेता ना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही न्या. आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत बहुधा दर तीन महिन्यांनी डोळे तपासायला बोलावतात, आणि स्टिरॉइडचे थेंब चालू असले तर त्याहून लवकर, कारण मुलांचा दाब मोठ्यांपेक्षा लवकर चढतो.