अँटिबायोटिक मागण्याआधी विष्ठा तपासून घ्या



पावसाची झड लागली की आपल्या द्वारकेच्या कार्यालयात एकच प्रश्न येतो, ‘पिल्लं मरताहेत, कोणतं अँटिबायोटिक देऊ?’ माझं मत स्पष्ट सांगतो, हा प्रश्न एक पायरी सोडून विचारलेला असतो.

आतडं सडवणारा क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू धडधाकट कोंबडीच्या पोटातही थोडाफार असतोच. एरवी तो गप्प असतो. त्याला वाट करून देते ती कॉक्सी. कॉक्सीचे परजीवी आतड्याच्या अस्तरात शिरून पेशी फोडतात, तिथून रक्तातली प्रथिनं पाझरतात, चिकट स्राव वाढतो आणि जिवाणूला आयतं खाद्य मिळतं. मग मर वाढते. अँटिबायोटिकने दोन दिवस बरं वाटतं, पण बरीचशी अँटिबायोटिक्स कॉक्सीला लागूच पडत नाहीत. ती तशीच राहते आणि पुन्हा तोच फोन!

‘रक्ती हगवण नाही म्हणजे कॉक्सी नाही’ असंही धरू नका. लहान आतड्यातल्या कॉक्सीत बऱ्याचदा रक्त दिसत नाही. म्हणून ताजी मेलेली कोंबडी आणि थोडी ताजी विष्ठा वेगवेगळ्या पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. एका लॉटच्या नुकसानीपुढे हा खर्च काहीच नाही.

गावरान मोकळ्या सोडणाऱ्यांनी जंतांकडे बघावं. पोटात गोल जंत असताना पाश्चुरेला आला तर पटकीचा त्रास जास्त होतो, हे डेन्मार्कमधल्या प्रयोगांत दिसलंय.

आणि हो, कोलिस्टिन कुणी सुचवलं तर घेऊ नका. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर 2019 पासून बंदी आहे.

डॉक्टरांनी अँप्रोलियम दिलं, तर ते चालू असताना पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक मिसळू नका. ते औषध थायमिन अडवूनच कॉक्सीला मारतं. वरून थायमिन दिलं की औषधाचा जोर कमी होतो.

आज शेडमध्ये गेलात की मूठभर तूस दाबून पाहा. लाडू वळला आणि तो फुटला नाही, तर ओल जास्त आहे. कॉक्सीची अंडी ओलीतच एक-दोन दिवसांत पिकतात. पाण्याच्या भांड्यांखालचं तूस आधी बदला.