ओरडणाऱ्या डिटेक्टरचं तोंड बंद करू नका

१२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंच्या जन्मोत्सवाला माणसं लोटतात. माघ वद्य सप्तमीला शेगावात श्री गजानन महाराजांचा प्रकटदिन असतो. होळीला सैलानीची यात्रा भरते, आश्विनात देऊळगाव राजाला बालाजीची. बुलढाणा जिल्ह्यात वर्षभर कुठे ना कुठे गर्दी जमतेच, आणि गर्दी आली की दाराशी मेटल डिटेक्टर येतो. कुठे चौकटीचा, कुठे हातातला. हे आवाहन ते यंत्र सांभाळणाऱ्यांसाठी आहे: मंडळाचे कार्यकर्ते, देवस्थानांचे सेवेकरी, होमगार्ड, परीक्षा केंद्रावरचे कर्मचारी, आणि ते दुरुस्तीला घेणारे आपल्या गावातले इलेक्ट्रॉनिक्सचे कारागीर.

एकच विनंती आहे. यंत्र उगाच ओरडायला लागलं की त्याची सेन्सिटिव्हिटी उतरवून ते गप्प करू नका. दाराशी रांग वाढते, लोक वैतागतात, मग कुणीतरी बटण फिरवतं आणि आवाज थांबतो. सगळ्यांना वाटतं, झालं ठीक. प्रत्यक्षात त्या क्षणापासून दार उघडं पडलेलं असतं. ओरडणाऱ्या यंत्राचा बिघाड निदान कळतो तरी. गप्प बसलेल्याचा कळतच नाही, आणि त्याच्या भरवशावर माणसं निर्धास्त राहतात.

बिघाड शोधायचा तर यंत्र काय करतं ते आधी समजून घ्या. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की धातूतही छोटे प्रवाह घुमू लागतात. त्यामुळे क्षेत्रात पडलेला फरक यंत्र ओळखतं आणि आवाज देतं. यंत्राला कट्टा आणि किल्ली यांतला फरक कळत नाही. मंडपाचा लोखंडी पाईपही त्याला धातूच. म्हणून तपासणी तीन पायऱ्यांनी करा: आधी जागा, मग वीज, मग तारा. यंत्र उघडायची वेळ त्यानंतर.

जागा पहिली का? १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरातली गोळी सापडेना, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं धातुशोधक यंत्र घेऊन गेले. यंत्र चालत होतं, तरी गोळी सापडली नाही. गारफील्ड ज्यावर झोपले होते, त्या अंथरुणात पोलादी तारा होत्या आणि त्यांनी संकेतात गोंधळ केला. शिवाय डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली, गोळी निघाली डावीकडे. सव्वाशेहून जास्त वर्षं उलटली, पण मंडपात आजही हेच घडतं. यंत्र चांगलं असतं, जागा चुकलेली असते.

तेव्हा चौकट मंडपाच्या लोखंडी खांबाला टेकवून बांधू नका. पत्र्याचं कुंपण, सरकतं फाटक, बॅरिकेड, जनरेटर, साऊंडचे मोठे स्पीकर, एलईडी पडदा या सगळ्यांपासून जमेल तितकी लांब, निदान पाचसहा फुटांवर ठेवा. स्थिर लोखंडापेक्षा हलणारं लोखंड जास्त घात करतं. फाटक उघडलं की यंत्र बोंबलतं ते त्यामुळे. खाली जमीन सपाट हवी, कारण चौकट डुगडुगली तरी खोटा आवाज येतो. दोन चौकटी शेजारी लावायच्या असतील तर माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे त्यांच्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या करा, नाहीतर त्या एकमेकींना त्रास देतात. शंका आली तर चौकट मोकळ्या मैदानात नेऊन चालू करा. तिथे शांत राहिली तर दोष जागेचा. मग परत आणून जनरेटर, पडदा, साऊंड एकेक करून बंद करा. कशाने आवाज थांबतो ते लगेच कळेल.

दुसरी पायरी विजेची. हातातल्या बहुतेक डिटेक्टरांत नऊ व्होल्टचा चौकोनी सेल असतो. नवा अल्कलाइन सेल मल्टीमीटरवर साडेनऊच्या आसपास दाखवतो. मात्र मोकळा सेल मोजून फसू नका. यंत्र चालू ठेवून मोजा. उतरलेला सेल मोकळा असताना बरा आकडा दाखवतो आणि भार पडला की बसतो. असा सेल घातलेलं यंत्र दिवा लावतं, पण त्याची पकड कमी झालेली असते. सेलच्या टोप्यांवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, टोपी ढिली असेल तर बदला. यात्रा संपली की सेल काढूनच यंत्र ठेवा. आत राहिलेला सेल गळतो आणि चांगली पट्टी खाऊन टाकतो. चौकटीच्या यंत्राला मात्र लाईटचा कमीजास्त दाब बाधतो. त्याला वेगळं कनेक्शन, नीट अर्थिंग आणि शक्य असेल तर यूपीएस द्या. ज्या एक्स्टेन्शनवर चहाची शेगडी आणि हॅलोजन चालू आहेत, त्यावर हे यंत्र लावू नका.

तिसरी पायरी तारांची. गोदामात पडलेल्या यंत्राच्या तारा उंदीर कुरतडतात, आणि चौकट जोडताना पिना अर्धवट बसतात. सगळ्या पिना काढून पुन्हा घट्ट बसवा. उजव्या-डाव्या पॅनेलच्या तारा अदलाबदल झाल्या नाहीत ना ते पाहा. यंत्र चालू ठेवून तार पिनेपाशी हलक्या हाताने हलवा. आवाज येऊन-जाऊन होत असेल तर तार तिथेच तुटली आहे. चौकटीत माणसं मोजणारा इन्फ्रारेड डोळा असतो. गुलाल, बुक्का, उदबत्तीची काजळी त्यावर बसली की तो चुकतो. कोरड्या मऊ कापडाने पुसा.

एवढं करूनही यंत्र सुधारलं नाही तर ते कारागिराकडे द्या. वॉरंटी असेल तर सील तोडू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा. चौकटीच्या डब्यात २३० व्होल्टचा पुरवठा असतो आणि वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरू शकतो, म्हणून हौशी माणसाने तो उघडू नये. कारागिरांनी आधी मल्टीमीटरने कॉइलची सलगता पाहावी. रीडिंग अनंत आलं तर कॉइल किंवा तिची तार तुटली आहे. मग फुगलेले कपॅसिटर, भिंगाखाली तडकलेलं सोल्डर, बझरच्या सुटलेल्या तारा. ऋषिपंचमीसारख्या सणांच्या दिवसांत पाऊस असतो. ओल गेलेलं यंत्र पूर्ण सुकल्याशिवाय चालू करू नका. कॉइल बदलायची तर त्याच मॉडेलची घ्या. हाताने गुंडाळलेली कॉइल बसवली तर यंत्र बोलेल, पण किती दुरून काय पकडेल याची खात्री उरत नाही.

दुरुस्ती झाली हे ठरवायचं कसं? तीन नमुने कायम जवळ ठेवा: एक लोखंडाचा, एक पितळेचा, एक स्टेनलेस स्टीलचा. स्टेनलेस स्टील पकडणं यंत्राला जड जातं, म्हणून तो नमुना हवाच. चौकटीतून जाताना नमुना घोट्याशी, कमरेशी आणि खांद्याशी धरा. प्रत्येक वेळी आवाज आला पाहिजे, आणि रिकाम्या हाताने गेल्यावर येता कामा नये. रोज दार उघडण्याआधी हे करा आणि वहीत तारीख, वेळ, नाव लिहा. तरीही लक्षात ठेवा, यंत्राला फक्त धातू कळतो. पिशवी उघडून पाहणारा माणूस लागतोच. कुणी पेसमेकर बसवल्याचं सांगितलं तर त्यांना चौकटीत थांबवू नका, हातातला डिटेक्टर छातीवर फिरवू नका. त्यांची हाताने, सन्मानाने तपासणी करा.

आपल्या भागात आणखी एका डिटेक्टरविषयी बोलणं भाग आहे. गुप्तधनाच्या नादाने जमिनीवर फिरवायची यंत्रं विकत वा भाड्याने आणली जातात. रात्री यंत्र वाजलं की पडकी गढी, जुनी विहीर, देवळाचं आवार खणलं जातं. आपली जमीन बेसाल्टची आहे. लोणारचं विवर ज्या काळ्या पाषाणात पडलं, तोच हा. या दगडात आणि त्याच्या मातीत मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं असतात, आणि ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीशी जुळवणी, नीट न केलेलं यंत्र निव्वळ मातीवर वाजतं. त्या आवाजाखाली हंडा नसतो. नांगराचा तुटका फाळ किंवा नुसता दगड असतो. आणि खरंच काही सापडलं तरी ते आपोआप खणणाऱ्याचं होत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित स्मारकात विनापरवाना खणणं गुन्हा आहे. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांवर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. सिंदखेडराजात २०२४ साली जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या समाधीपाशी शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. पुरातत्त्व खात्याने ती शिस्तीत, थर पाहत बाहेर काढली, म्हणून ती अखंड राहिली. रात्री कुदळ घेऊन गेलेल्या माणसाने तिचे तुकडे केले असते. कारागीर मित्रांनो, असं यंत्र दुरुस्तीला आलं तर कशासाठी हवं ते विचारा, आणि खोदकामासाठी असेल तर परत करा.

आता काम एवढंच. पुढच्या बैठकीत डिटेक्टर एका माणसाच्या नावावर लावा. उत्सवाच्या आठ दिवस आधी तो बाहेर काढा, तिन्ही नमुन्यांनी तपासा, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळेल. दुरुस्त झाला नाही तर तो दाराशी उभा करू नका. त्या दाराला दोन माणसं जास्त द्या आणि पोलिसांना तसं स्पष्ट कळवा. येणाऱ्या भाविकाने आपल्या भरवशावर लेकरू कडेवर घेतलेलं असतं. त्या भरवशाला खरं ठरवणं आपल्या हातात आहे.