मान तिरकी आहे ना? मग तीच!

दिंडोरीला आजीकडे गेलं की सप्तशृंगगड ठरलेला. पण २०२२नंतर आजी यायलाच तयार नव्हती. त्या वर्षी देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर काढले आणि नवरात्रात मूळ रूपाचं दर्शन खुलं झालं. पेपरातला फोटो पाहून आजी म्हणाली, ‘‘ही कोण? मी नाही ओळखत.’’ विषय संपला!

या दिवाळीत माझ्या लॅपटॉपवर रेम्ब्रां होता. बरोक चित्रांतले संत ओळखण्याचा फंडा तसा सोपा. हातात किल्ल्या असल्या की पीटर, शेजारी सिंह असला की जेरोम, मोडकं चाक दिसलं की कॅथरीन. थोडक्यात, गळ्यातलं आयकार्ड बघायचं!

‘‘यात नवीन काय?’’ आजी म्हणाली. ‘‘देवीचे अठरा हात बघ की. त्रिशूळ शंकराचा, चक्र विष्णूचं, वज्र इंद्राचं.’’

पण रेम्ब्रां गुगली टाकतो. हा माणूस भारतात कधीच आला नाही. तरी १६५६ ते १६६१च्या दरम्यान त्याने मुघल लघुचित्रं पाहून वीसहून जास्त रेखाटनं केली. त्यातल्या एकात झाडाखाली चार वयस्कर सूफी बसलेत. आणि त्याच्या १६५६च्या एका एचिंगमध्ये जवळजवळ तशीच बैठक दिसते. फक्त इथे यजमान आहे बायबलमधला अब्राहम आणि दोन पाहुण्यांना चक्क पंख आहेत. पंख लावले, सूफींचे देवदूत झाले!

मी दोन्ही चित्रं आजीपुढे धरली. तिने बोटाने पंख झाकले. ‘‘हे नको बघू. बसलेत कसे ते बघ. कुणीतरी मान देऊन बसवलंय त्यांना. पाहुणचार चाललाय.’’ आर्टचं एकही पुस्तक न वाचता!

मग मीच म्हटलं, ‘‘आजी, चल ना गडावर.’’

गुडघ्यांमुळे ट्रॉलीने गेलो. गाभाऱ्यासमोर आजी बराच वेळ गप्प. माझ्या पोटात गोळा. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पाठ म्हणतात आणि देवी मान कलती करून ऐकते, हे मी लहानपणापासून तिच्याकडूनच ऐकलंय.

‘‘मान तशीच आहे गं,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘अजून ऐकतेय ती.’’ आणि तिने हात जोडले.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी देवळात जा किंवा आर्ट गॅलरीत, आयकार्ड जरूर वाचा. पण समोरचा बसलाय कसा, ऐकतोय कसा, तेही बघा. ऑफिसातही ट्राय करायला हरकत नाही!