धर्माची गाय

‘धर्माची गाय आणि दांत कां ग नाय’ ही म्हण आपल्याकडे घेणाऱ्याचें तोंड बंद करण्यासाठीं वापरली जाते. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’विषयीं कोणी अवाक्षर काढलें कीं हीच म्हण निरनिराळ्या वेषांनीं पुढें येते. एकदां दीड-दोन हजार रुपये टाकून डिश व पेटी विकत घेतली कीं पुढें दरमहा एका पैचा खर्च नाहीं. शंभराहून अधिक वाहिन्या घरबसल्या दिसतात. मग त्यांत मराठीचा वांटा किती आणि शेतकऱ्याच्या उपयोगाचें किती, असले प्रश्न विचारणें हा निव्वळ कृतघ्नपणा होय, असा समज शहरी सुशिक्षितांत रूढ झाला आहे. या समजाशींच आमचें भांडण आहे. आमचें म्हणणें असें कीं ही गाय मुळीं धर्माची नव्हेच. तिला चारा गांवानेंच घातलेला आहे. तेव्हां तिचे दांत मोजण्याचा गांवाला पुरता अधिकार आहे.

हा अधिकार कोठून आला तें पाहण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. डॉ. विक्रम साराभाई यांनीं उपग्रहाद्वारें दूरचित्रवाणीची कल्पना या देशांत मांडली ती मुंबई-दिल्लीच्या करमणुकीसाठीं नव्हे. जेथें धड रस्ता पोंचला नाहीं तेथें शिक्षकाचा, डॉक्टरचा व शेतीतज्ज्ञाचा शब्द पोंचावा यासाठीं. साराभाई 1971 मध्यें निवर्तले. त्यांची कल्पना 1 ऑगस्ट 1975 रोजीं प्रत्यक्षांत आली. अमेरिकेकडून वर्षभरापुरता मिळालेला एटीएस-6 हा उपग्रह, आणि आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारें 2400 गांवें, असा तो ‘साइट’ नांवाचा प्रयोग होता. महाराष्ट्र त्यांत नव्हता. परंतु आमच्या वादाला उपयोगी पडणारी गोष्ट निराळीच आहे. त्या उपग्रहावरून चित्राचा एकच प्रवाह मिळत असे. तरीहि तेवढ्या एका प्रवाहांत हिंदी, कन्नड, उडिया व तेलुगु अशा चार भाषांना वेळ वांटून दिलेला होता. ज्या भाषेला जाहिराती अधिक तिलाच जागा, हा न्याय त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींहि नव्हता.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनीं, डिसेंबर 2004 मध्यें, ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नांवानें फुकट उपग्रहसेवा सुरू झाली; तिचेंच पुढें ‘फ्री डिश’ असें नामांतर झालें. उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. म्हणून महाराष्ट्रांत छपरावरची डिश आग्नेयेकडे तोंड करून बसलेली दिसते. आषाढांत कोंकणामध्यें पाऊस धो धो कोसळूं लागला कीं या लहरी क्षीण होतात आणि चित्र गोठतें. तो निसर्गाचा दोष. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती स्वच्छ आकाश असतांनाच्या स्थितीविषयीं.

2011 पासून या सेवेंतील जागा खासगी वाहिन्यांना लिलावानें देण्याची पद्धत पडली. 2019 च्या सुमारास वाहिन्यांचे प्रकार व भाषा पाहून गट पाडण्यांत आले. पहिल्या व सर्वांत महाग गटांत हिंदी करमणूक, त्याखालीं हिंदी चित्रपट, मग हिंदी संगीत व तत्सम. आणि ज्यांना वर कोठें स्थान नाहीं अशा उरल्यासुरल्यांचा गट शेवटीं. त्या उरल्यासुरल्यांत कोट्यवधि लोकांची मराठी! खालच्या गटाची बोली कमी रकमेपासून सुरू होते, ही सवलतच नव्हे काय, असें यावर उत्तर मिळतें. पण हें उत्तर देणारे हें विसरतात कीं मराठी वाहिनीला जाहिरातदार मिळायचा तो एका राज्याच्या बाजारापुरता, आणि हिंदीला मिळतो तो अर्ध्या देशाचा. दोघांना एकाच हंगामांत, एकाच मर्यादित आकाशासाठीं पैशाच्या बळावर झुंजविणें म्हणजे पहिलवानाशीं शाळकरी पोराची कुस्ती लावून पंचानें समतेचा टेंभा मिरविणें होय. हिंदीशीं आमचें कांहींच वैर नाहीं. मात्र राज्याच्या भाषेला स्वतःच्या राज्यांतल्या आकाशांत जागा मिळण्यासाठीं बोली लावावी लागते, ही व्यवस्था आम्हांस लाजिरवाणी वाटते.

लिलाव हा शब्द शेतकऱ्याला परका नाहीं. लासलगांवच्या बाजारांत कांद्याचा लिलाव होतो तेव्हां भाव पडला तरी कांदा त्याचा असतो आणि पट्टी त्याच्याच नांवावर निघते. येथें मात्र विकली जाते ती त्याची नजर. वाहिनीवाले कोट्यवधि रुपये मोजतात ते आकाशाच्या तुकड्यासाठीं नव्हेत. डिश लावून बसलेल्या चार कोटींहून अधिक घरांसाठीं मोजतात. (हा आंकडाहि अंदाजाचाच, या पेटीला वर्गणीदार नाहींत, म्हणून त्यांची खातेवहीहि नाहीं.) ज्याच्या नजरेचा हा व्यापार चालतो त्याला पुन्हां ‘फुकट खाणारा’ म्हणायचें, हें तर्कशास्त्र आम्हांस उमगत नाहीं.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयानें 9 फेब्रुवारी 1995 रोजीं स्पष्ट सांगितलें कीं ध्वनिलहरींचें हें आकाश सार्वजनिक मालमत्ता आहे व तिचा उपयोग लोकहितासाठींच झाला पाहिजे. प्रसार भारतीच्या 1990 च्या कायद्यांतील बारावें कलम तर साक्षरता, शेती, ग्रामविकास व आरोग्य यांकडे विशेष लक्ष देण्याचें आणि निरनिराळ्या प्रदेशांच्या भाषांची बूज राखण्याचें कर्तव्य त्या संस्थेवर सोंपवितें. त्या कलमांत लिलावाचें उत्पन्न वाढविणें हें कर्तव्य म्हणून लिहिलेलें आम्हांस तरी आढळलें नाहीं.

शिवाय लिलावानें आलेला पाहुणा टिकतो तरी किती? 1 मार्च 2019 पासून मोठमोठ्या समूहांनीं आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या या सेवेंतून एकाएकीं काढून घेतल्या. 2020 मध्यें त्या परत आणल्या. 1 एप्रिल 2022 पासून पुन्हां काढल्या. नफ्यातोट्याचा हिशेब बदलला कीं बिऱ्हाड हलविणें हा व्यापाऱ्याचा धर्मच आहे; त्याला आम्ही दोष देत नाहीं. परंतु असल्या भाडेकऱ्याच्या भरंवशावर घराची रचना करणाऱ्या मालकाला काय म्हणावें?

आतां दुसऱ्या बाजूचे आक्षेपक. सशुल्क सेवा देणाऱ्यांचा पक्ष असा कीं सरकारी फुकट सेवेनें त्यांचा धंदा बुडतो. 2019 च्या दरनियमांनीं पहिल्या शंभर वाहिन्यांसाठीं नुसत्या जोडणीचेच महिना 130 रुपये व वर कर आकारण्याची मुभा त्यांना मिळाली होती; आवडीच्या सशुल्क वाहिन्यांचें मोल निराळें. मजुरीवर जगणाऱ्या घरानें हा भार टाळला तर त्यांत अन्याय कोणावर झाला? तिसरे आक्षेपक म्हणतात, आतां हातोहातीं मोबाइल आहे, ही डिश कशाला हवी? यांना 2020 चा पावसाळा आठवत नाहीं असें दिसतें. शाळांना कुलूप होतें, ‘ऑनलाइन’ वर्गाचा उदो उदो चालला होता, आणि घरांत एकच फोन, तोहि बापाबरोबर शेतावर गेलेला, अशा मुलांसाठीं जुलैमध्यें सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमाला सुरू करावी लागली. पहिली ते आठवीच्या मुलांना ती डेटा न खर्चितां, रिचार्ज न करतां पाहतां येत होती. आजीलाहि शेजारीं बसून ती पाहतां येत होती, हा लाभ तर फोनच्या वीतभर कांचेवर होणें नाहीं. सार्वजनिक वाहिनी मराठींत काय करूं शकते याचा तो धडा होता. निकड सरली आणि धडाहि विसरला गेला.

आणि या डिशेवांचून गांवाला दुसरी वाट तरी कोणती उरली आहे? काठीला बांधलेल्या साध्या ॲंटेनावर दूरदर्शन दिसण्याचे दिवस संपले. जमिनीवरील जुने प्रक्षेपक, सामरिक महत्त्वाचे थोडे वगळतां, 2022 पर्यंत बंद करण्याचें ठरलें व तसें झालें. फुकट दूरदर्शनाचा गांवापुरता एकच दरवाजा उघडा राहिला, आणि त्याच दरवाज्यावर लिलाव पुकारणारा बसविला आहे.

लिलावाशिवाय जागा राखतां येत नाहीं असें कोणीं म्हणूं नये. 2007 च्या कायद्यानें राष्ट्रीय महत्त्वाचे क्रिकेटचे सामने दूरदर्शनला देणें खासगी हक्कधारकांवर बंधनकारक केलें. आणि सर्वोच्च न्यायालयानें 2017 मध्यें, तें प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपकांवर व या फुकट सेवेवरच दाखवावें, असा निर्णय दिला. चेंडूफळीसाठीं जर कायदा हात पुढें करतो, तर कापसावरच्या बोंडअळीची माहिती मराठींत सांगण्यासाठीं तो आंखडतो कां? उलट दूरचित्रवाणीवर दैवी शक्तीच्या नांवाखालीं यंत्रें व ताईत विकण्याचा जो धंदा चालतो तो बेकायदा असल्याचें मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जानेवारी 2021 मध्यें सांगावें लागलें. पैसा भरील त्याला आकाश, हें धोरण ठेवल्यावर ज्ञान कोठें बसतें आणि ताईत कोठें बसतो, हें न्यायालयापर्यंत जाण्यापूर्वींच कळायला हवें होतें.

आमची मागणी मोठी नाहीं. पुढील लिलावाचा कागद निघेल त्यांत प्रत्येक राज्यभाषेसाठीं ठराविक जागा लिलावाबाहेर राखून ठेवाव्या. लिलावाच्या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा सह्याद्रीसारख्या प्रादेशिक वाहिन्यांच्या कार्यक्रमांवर खर्च व्हावा, आणि तो किती झाला तें दरवर्षीं छापून प्रसिद्ध व्हावें. सिंधुदुर्गाच्या आंबा-काजूला व गडचिरोलीच्या धानाला मुंबईहून एकच सल्ला न देतां विभागवार वेळ वांटून द्यावा. नागपूरला दूरदर्शनचें केंद्र आहे, त्याला काम द्यावें. एका चित्रप्रवाहांत चार भाषा बसविणारे लोक याच देशांत होते. शंभराहून अधिक प्रवाह हातीं असतां मराठीला जागा नाहीं, असें प्रसार भारतीनें लेखी सांगावें, म्हणजे पुढचें आम्ही पाहूं.