भरती आणि ओहोटी

ऑनलाइन छोट्या जाहिरातींची एखादी कंपनी विस्तारासाठी नवी माणसे घेणार, अशी वार्ता येताच सीमाभागातील सुशिक्षित तरुणांच्या आशा पल्लवित होतात. १९५६ साली लोकेच्छा डावलून ज्यांना म्हैसूर राज्यात डांबण्यात आले, त्यांच्या मुलानातवंडांपुढे सरकारी नोकरीच्या वाटेवर कन्नडची अट आजही उभी आहे. तेव्हा खासगी धंद्याचे दार त्यांना जवळचे वाटावे, यात नवल ते काय? परंतु भरतीचे पाणी पाहून होडी लोटणाऱ्याने ओहोटीची वेळही विचारून घ्यावी, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या धंद्याचे मर्म असे, की विकणारा व घेणारा आपली गाठ आपणच घालून घेतात. कंपनी केवळ फळा पुरविते. अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेली क्रेग्जलिस्ट शेकडो शहरांत पसरूनही कित्येक वर्षे सुमारे ५० माणसांवर चालली. उलट ओएलएक्सने फळ्यापुरते न थांबता जुन्या मोटारी स्वतः खरेदी करून विकण्याचा व्यवहार मांडला. अशा व्यवहारास मोटारी तपासणारी, भाव ठरविणारी, कागदपत्रे करणारी माणसे लागतात. जानेवारी २०२३ मध्ये याच समूहाने जगभरातील सुमारे १,५०० माणसे, म्हणजे १५ टक्के नोकरवर्ग, कमी करण्याचे जाहीर केले. आणि त्याच वर्षी भारतातील व्यवसाय सुमारे ५३७ कोटी रुपयांना कारट्रेडला विकला.

या कंपन्यांनी वृत्तपत्रांची मिळकत हिरावली म्हणून आम्ही असे लिहितो, असे कोणी म्हणेल. छोट्या जाहिरातींत आमचाही स्वार्थ आहे, हे आम्ही लपवीत नाही. तथापि नोकरी नाकारा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आपला पगार ग्राहकाच्या पैशातून येणार की गुंतवणूकदाराच्या, एवढे मात्र नेमणूकपत्र हाती घेण्यापूर्वी प्रत्येकाने विचारावे. फसव्या जाहिराती हुडकणे, व्यापाऱ्यांकडून जाहिराती मिळविणे, ग्राहकाची तक्रार त्याच्या भाषेत ऐकणे, ही कामे फळा असेपर्यंत राहणार.

कंपन्यांनाही आमचे एक सांगणे आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजारात वाढावयाचे असेल, तर तेथील गिऱ्हाइकाशी मराठीत बोलणारी माणसे घ्या. मराठी, कन्नड व हिंदी या तिन्ही भाषांत व्यवहार करणारा आमचा तरुण तुमच्या उपयोगाचा आहे. त्याचे रास्त मोल द्या.