शिवधनुष्य उचलले, बाणाचे काय?

१/ अवघड जबाबदारी अंगावर घेणाऱ्याने ‘शिवधनुष्य उचलले’ असे मराठीत म्हटले जाते. या वाक्प्रचाराच्या छायेत धनुर्विद्येचा लोकप्रिय इतिहास एकांगी झाला आहे. ‘अमक्याचे धनुष्य किती पाउंडांचे’ एवढ्या एकाच प्रश्नावर समाजमाध्यमांत रणे माजतात. बाण किती लांब, किती जाड, टोकाला किती भार, हे विचारले जात नाही. हा अर्धा इतिहास आहे. आणि अर्धा इतिहास पूर्ण म्हणून खपवला की तो खोटा ठरतो.

२/ महाभारताला हे भान होते. द्रौपदीस्वयंवरात धृष्टद्युम्न जमलेल्या राजांपुढे धनुष्य, लक्ष्य आणि पाच बाण एकत्र मांडतो. धनुष्य सज्ज करणे ही पणाची पहिली पायरी. निकाल मात्र बाणाने लागतो. जे व्यासांना सांगावेसे वाटले, ते आजच्या ‘पाउंडवीरां’ना अनावश्यक वाटते.

३/ मुळात घडते काय? दोरी सुटताच ती बाणाला मागून ढकलते. टोकाचा भार जडत्वामुळे जागचा हलायला वेळ घेतो. या दोहोंच्या कचाट्यात दांडी वाकते, सुटल्यावर सापासारखी दोन्ही बाजूंना लवत जाते आणि त्या लवण्यातच धनुष्याच्या मुठीला वळसा घालून पुढे निसटते. दांडीचा ताठपणा, ज्याला तिरंदाज ‘स्पाइन’ म्हणतात, धनुष्याच्या जोराशी जुळला नाही तर बाण मुठीवर आपटतो, तिरका जातो आणि जोर गमावतो.

४/ हा ताठपणा मोजण्याची रूढ रीत साधी आहे. २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर दांडी ठेवायची, मध्यभागी २ पाउंड वजन टांगायचे आणि ती किती इंच लवते ते पाहायचे. २६ ला त्या आकड्याने भागले की ढोबळमानाने किती पाउंडांच्या धनुष्याला ती शोभेल ते कळते. ०.५२ इंच लवली, तर ५० पाउंड.

५/ आता बारकावे पाहा. एकाच लाकडाची दांडी ८ ऐवजी ९ मिलिमीटर जाड घेतली, तर ताठपणा सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो. ३० इंचांची दांडी २८ इंचांवर आणली, तर लवणे सुमारे १९ टक्क्यांनी घटते. टोकाचा भार साडेसहा ग्रॅमवरून तेरा ग्रॅमवर नेला, तर तीच दांडी सुटताना अधिक वाकते, म्हणजे ‘मऊ’ वागते. एका मिलिमीटरने आणि सहा ग्रॅमने नेम बदलतो, तिथे केवळ धनुष्याचे पाउंड सांगून काय सिद्ध होते?

६/ भारतीय, तुर्की, इराणी परंपरेत अंगठ्याने दोरी ओढत. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण अशा वेळी धनुष्याच्या उजव्या बाजूस टेकतो. युरोपीय पद्धतीत डाव्या. त्यामुळे दोषही उलटतो: अंगठ्याच्या पद्धतीत फार ताठ बाण उजवीकडे झुकतो, फार मऊ डावीकडे. इंग्रजी पुस्तकातला नियम उचलून मोगल तिरंदाजाला लावणारे लेख इथेच उताणे पडतात.

७/ ‘आपल्याकडे असा विचार नव्हता’ म्हणणाऱ्यांनी कौटिल्य वाचावा. अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती रा. पं. कंगले यांनी सिद्ध केली आणि मुंबई विद्यापीठाने ती १९६० पासून प्रकाशित केली. म्हणजे गिरगावापासून हाकेच्या अंतरावर. आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणात धनुष्याची चार द्रव्ये आहेत, दोरीची सहा आणि बाणांचे पाच प्रकार: वेणू, शर, शलाका, दण्डासन, नाराच. टोके छेदणारी, भेदणारी आणि आघात करणारी. लोखंडाची, हाडाची, लाकडाची. शस्त्रागाराची ही यादी धनुष्यापाशी थांबत नाही.

८/ ‘वासिष्ठ धनुर्वेद’ या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ आणखी पुढे जातो. पुढे जाड असलेला बाण ‘स्त्री’, मागे जाड असलेला ‘पुरुष’, सर्वत्र सारखा तो ‘नपुंसक’. पहिला दूर जातो, दुसरा दृढ भेदतो, तिसरा लक्ष्यवेधासाठी. यातील प्रत्येक विधान आजच्या भौतिकशास्त्राला मान्य व्हावे असे नाही. मुद्दा एवढाच की वर्गीकरण बाणाचे आहे आणि ते कामानुसार आहे.

९/ आणि हे केवळ पोथीतले ज्ञान नव्हे. कौटिल्याच्या सहा दोऱ्यांत वेणू, म्हणजे बांबू, आहे. भिल्लांच्या बांबूच्या धनुष्याला बांबूच्याच चिपेची दोरी असते.

१०/ यावर एक आक्षेप रास्त आहे: रणांगणात शेकडो बाण एकदम सुटत, तिथे एवढी जुळणी कशाला? खरे आहे, झुंडीवर मारा करताना वीतभर चुकल्याने बिघडत नाही. सुटताना धनुष्याची मूठ वळवून बाणाला वाट देण्याची युक्तीही पूर्वेकडच्या तिरंदाजांना अवगत होती. पण कौशल्य एका बाणाचा दोष सांभाळून घेते; भात्यातला प्रत्येक बाण वेगळा वागू लागला, तर ते काय करील?

११/ १५४५ मध्ये बुडालेले आणि १९८२ मध्ये वर काढलेले ‘मेरी रोझ’ हे इंग्लिश जहाज याची साक्ष देते. त्यात १७२ धनुष्ये निघाली आणि त्यासोबत हजारो बाण. चोवीस बाण अंतरावर धरून ठेवणाऱ्या छिद्रांच्या चामडी चकत्यासुद्धा. सुमारे अर्धा इंच जाडीच्या त्या दांड्या पाहिल्या की धनुष्ये भारी होती हे पटते. धनुष्याचा पुरावा बाण देतो, तो असा.

१२/ फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे चिलखत आणि ढाल आहे. तिथे उभे राहून ‘हे कोणते धनुष्य भेदील?’ असे विचारणे चुकीचे. विचारावे ते असे: कोणत्या टोकाचा, किती वजनाचा, किती ताठ बाण?

१३/ म्हणून मागणी स्पष्ट आहे. देशातील प्रत्येक शस्त्रसंग्रहाने बाणाची लांबी, जाडी, वजन आणि तोलबिंदू नोंदवून खुला करावा. बांबू, बोरू, पिसे धनुष्याच्या शिंगापेक्षा आधी कुजतात. कीड वाट पाहत नाही.

१४/ आणि शोभायात्रेपुरते धनुष्य हाती घेणाऱ्या तरुणांनी एक ध्यानात ठेवावे. फार हलका बाण सोडला तर उरलेला जोर धनुष्यातच जिरतो आणि ते तडकते. फार मऊ दांडी सुटतानाच मोडून मुठीच्या हातात घुसू शकते. घरात जपलेले जुने धनुष्य तर ओढूच नये.

१५/ मराठी भाषा ‘धनुष्यबाण’ हा एकच शब्द वापरते. इतिहास लिहिणाऱ्यांनी निदान त्या शब्दाचा उत्तरार्ध तरी गिळू नये.

(समाप्त)