उंदराच्या शेपटीचा शेपटा

मुलगी पाहायला आलेल्या मंडळींत एखादी आत्याबाई अशी असतेच, की ती चहा पिऊन झाला की पोरीच्या पाठीमागे जाऊन उभी राहते. वेणी हातात घेऊन तोलून बघते आणि म्हणते, “केस अगदीच उंदराची शेपटी गं बाई!” पोर खाली मान घालते. आईच्या डोक्यात मात्र उद्याच्या बाजारातून कोणते तेल आणावे याचा हिशेब सुरू होतो. ते तेलाचे पैसे वाचवावेत आणि शेपटीचा शेपटाही दिसावा, एवढ्यासाठी आजचे हे पान.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. रानात काडी बारीक असणे वेगळे आणि उगवण विरळ असणे वेगळे, हे तुम्हांला सांगायला नको. केसांचेही तसेच आहे. माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. कुणाचा केस दोऱ्यासारखा जाड, कुणाचा रेशमासारखा बारीक. हे आई-बापाकडून येते. कातडीखाली केसाचे जे मूळ असते त्याच्या आकारावर केसाची जाडी ठरते. कातडीच्या वर आलेला केस हा निर्जीव असतो, त्याला तेल पाजून तो जाड होत नाही. बाटलीवर गुडघ्यापर्यंत केसांचे चित्र असले तरी होत नाही.

म्हणजे तेल फुकट का? तसेही नाही. खोबरेल तेल केसाच्या आत मुरते आणि धुताना होणारी केसाची झीज कमी करते. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली हे प्रयोगाने दाखवले. कंपनी तेल विकणारी, हे लक्षात ठेवूनही सांगते, की आपल्या आज्या काही चुकत नव्हत्या. मात्र बारीक केसांवर तेलाचा थर राहिला, की केस डोक्याला चिकटून बसतात आणि आहेत त्याच्या निम्मे दिसतात. म्हणून तेल रात्री लावावे, सकाळी धुवावे. नंतर हाताला पुसटसे तेल घेऊन फक्त टोकांना लावावे.

आता तुम्ही म्हणाल, मग त्या सिनेमातल्या बायकांचे केस एवढे भरघोस कसे? त्यासाठी थोडे अंधेरीला जाऊ. अंधेरीच्या आंबोलीत फिल्मालय नावाचा स्टुडिओ होता. १९६० साली त्या संस्थेचा ‘लव्ह इन शिमला’ आला आणि साधना रातोरात सगळ्यांना माहीत झाली. तिचे कपाळ रुंद दिसे. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी परदेशातल्या ऑड्री हेपबर्न या नटीसारख्या पुढच्या बटा कापून कपाळावर सोडायला लावल्या. झाले! देशभर पोरींनी ‘साधना कट’ करून घेतला. कपाळ झाकण्याची ती एक युक्ती होती, हे किती जणींना ठाऊक होते कोण जाणे. (केस बारीक असतील तर हा कट करू नये असे माझे मत. समोरून भरल्यासारखे वाटते, पण तेवढे केस वेणीतून वजा होतात.)

त्यानंतरच्या वर्षांत पडद्यावर जे उंच उंच अंबाडे आले, त्यांच्या पोटात भरणा असे, वरून जाळी असे आणि पुष्कळदा दुसऱ्याच कुणाचे केस असत. हे सगळे बसवून देणाऱ्या केशभूषाकार बायकाच. गंमत अशी, की सिनेमात बायकांनी केस करावेत पण रंगभूषेला हात लावू नये, असा तिथल्या संघटनेचा दंडक होता. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. आणि सिनेमाच्याही आधी आपले बालगंधर्व! ते पुरुष, डोक्यावरचा अंबाडा उसना, तरी त्यांचा गजरा पाहून घरंदाज बायका तसा गजरा माळू लागल्या.

तेव्हा उसन्या केसांची लाज वाटायचे कारण नाही. आपल्याकडे त्याला गंगावन असे छान नाव आहे. आजीच्या कोनाड्यात एक पुरचुंडी असे, आठवते? विंचरताना निघालेले गुंतवळ ती त्यात साठवी. तेच गुंतवळ हल्ली आपण दारावर येणाऱ्याला देतो आणि बदल्यात पोराला फुगा नाहीतर घरात एखादे भांडे घेतो. पुढे ते कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगरसारख्या गावी जाते. तिथे ते सोडवतात, धुतात, लांबीप्रमाणे लावतात, आणि त्याचे टोप होऊन परदेशी जातात. आपण फुग्यावर खूश!

गुंतवळाचे गंगावन घरी करणे कठीण, कारण सगळ्या केसांची मुळे एका बाजूला यावी लागतात. पण अंबाड्याचा भरणा सहज होतो. गुंतवळ शिकेकाईने धुऊन सावलीत वाळवा, काळ्या जाळीच्या तुकड्यात भरा आणि मोसंबीएवढा गोळा करून टाके घाला. केसांची पोनी बांधून तिच्या बुडाशी हा गोळा ठेवा, वरून केस पसरा, टोके खाली खोचून आकडे लावा. रंग आपलाच असल्याने कुणाला काही कळत नाही.

गंगावन विकत घ्यायचे तर उन्हात धरून बघा. नायलॉनचे असेल तर काचेसारखे चमकते. त्यापेक्षा साधे काळ्या दोऱ्याचे बरे. ते मुळापासून बांधू नये, ओझ्याने केस ओढले जातात. मानेखाली वीतभर वेणी घालून झाल्यावर पेडांत गुंफावे. वेणी चारपेडी घातली तर तीनपेडीपेक्षा रुंद दिसते. घालून झाली की दोन्ही कडांचे पेड बोटांनी हलकेच सैल करावेत.

मुलगी दाखवताना गंगावन लावावे का? माझे मत विचाराल तर लावू नये. लग्नात हौसेने लावा, पण दाखवायच्या दिवशी आहे तीच वेणी असू द्या. नाहीतर पोर सासरी न्हायच्या दिवशी धास्तावलेली राहील.

आता रोजचे. बोअरच्या जड पाण्यात अंगाचा साबण फेसाळत नाही, त्याचा चिकट थर मात्र केसांवर बसतो आणि केस लोळागोळा होतात. शिकेकाई-रिठ्याचे गाळलेले पाणी त्यापेक्षा चांगले. शेवटच्या तांब्यात अर्धे लिंबू पिळावे, फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नये. केस पुढे सोडून, मान खाली घालून वाळवले की मुळाशी उभारी येते. भांग वर्षानुवर्षे एकाच रेघेत पाडला की ती रेघ रुंद दिसू लागते. मधून मधून तो बोटभर सरकवा. वेणी कपाळ ताणेल इतकी घट्ट घालू नका, कानशिलावरचे केस त्याने कायमचे जातात. आणि डोक्यावर भारा किंवा पाटी घ्यायची असेल तर चुंबळ मऊ धडप्याची करा. खरखरीत चुंबळीने माथ्यावरचे केस घासून तुटतात.

हे सगळे काडी बारीक असलेल्यांसाठी झाले. ज्यांची वेणी दोन वर्षांपूर्वी जाड होती आणि आता बारीक होत चालली आहे, त्यांचे काय? तिथे गंगावनावर भागवू नका. रोज ५० ते १०० केस गळणे हे चालायचेच. बाळंतपणानंतर किंवा टायफॉईड, डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, ते बहुधा आपोआप परत येतात. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत जानेवारी २०२५ मध्ये लोकांना चार-आठ दिवसांत टक्कल पडले. आधी पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला. मग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास केला आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. असे एकाएकी झाले तर तेल बदलत बसू नये, दवाखाना गाठावा.

पण हळूहळू विरळ होणाऱ्या वेणीमागे पुष्कळदा रक्त कमी असणे हे कारण असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आढळले. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी राहील ते आमटीचे पाणी आपण भाकरीवर घेतो, डाळ तर आधीच वाढली गेलेली असते. तेव्हा आपल्या ताटात डाळ, उसळ, शेंगदाणे, चालत असेल तर अंडे, हे आधी काढून ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. थायरॉईडचेही विचारून घ्या. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. गोळ्यांनी शौचास काळी होते, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नका. केस महिन्याला बोटाच्या पेराच्या निम्मेच वाढतात, म्हणून वेणीत फरक दिसायला सहा महिने तरी धरा.